बावीस नंबरची नोंद

मापाडी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. वजनमापे खात्यात छत्तीस वर्षं निरीक्षक. ते दुकानात शिरले की दुकानदार गिऱ्हाईक सोडून उठायचा. वजन उचलायचं, उलटं करून खालचा शिक्का बघायचा, शिक्का जुना असला तर सरळ पिशवीत टाकायचं आणि वर एक शब्द बोलायचा नाही. एकदा तर या माणसाने सख्ख्या साडूचा तराजू जप्त केला! साडू दोन वर्षं घराची पायरी चढले नाहीत. मापाडी म्हणाले, "येतील तेव्हा येतील. तराजू तीन ग्रॅमने खोटा होता."

ते निवृत्त झाले तेव्हा घरच्यांना धास्ती, की आता हे साखरेचे दाणे मोजत बसणार. तसं झालं नाही. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, जाताना तिचा जुना संगणक मागे राहिला, आणि त्यात मापाड्यांना तो ऑनलाइन ज्ञानकोश सापडला. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, आणि पुरावा नसेल तर कुणीही 'ही नोंद काढा' म्हणावं, असा तिथला कारभार. झालं! माणसाला दुसरं खातं मिळालं. तिथेही त्यांनी नाव घेतलं, मापाडी. दुपारचं जेवण झालं की चष्मा पुसायचा आणि बसायचं. स्वतःच स्वतःला महान म्हणवणारे कवी, एका खोलीत कंपनी चालवणारे उद्योगसम्राट, सगळ्यांची त्यांनी बिनपाण्याने हजामत केली.

नियम तसा साधा होता. ज्या गोष्टीची नोंद आहे, तिच्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसांनी तिच्याबद्दल कुठेतरी नीट छापलेलं हवं. नसेल तर नोंद काढायचा प्रस्ताव मांडायचा. सात दिवस चर्चा चालते. लोक 'ठेवावी' किंवा 'काढावी' म्हणून कारण देतात, आणि सातव्या दिवशी एक कारभारी निकाल लावतो. आणि नात्यागोत्यातल्या माणसाचं मत? त्याची किंमत शून्य. मापाड्यांना हे शेवटचं कलम सगळ्यात जास्त आवडायचं.

आता त्यांच्या बायकोबद्दल. कमी बोलणारी, कामाला चोख बाई. लग्नाआधी कुठल्याशा ऑफिसात टायपिंग करायची. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मापाड्यांना तिच्या आधीच्या आयुष्यातलं एवढंच ठाऊक होतं. आणि हो, गाडीत ती फार घाबरायची. त्यांची एक छोटी राखाडी गाडी होती. चालवायचे ते एकटेच, ती बाजूला. चौक आला, वळण आलं, की तिचा उजवा पाय खालची रबरी चटई दाबायचा. दाबून दाबून तिथे भोक पडलं. चटई दोनदा बदलली, तिसरीलाही पडलं. "अगं, किती घाबरतेस! मी चालवतोय ना?" असं मापाडी म्हणायचे. ती म्हणायची, "सवय आहे." पाहुणे आले की मापाडी गाडीचं दार उघडून ते भोक दाखवायचे आणि खो खो हसायचे.

एका मंगळवारी दुपारी त्यांच्यासमोर नोंद आली, 'बावीस नंबर, रेसची गाडी'. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव ठेवलं होतं 'पाना-तेरा'. मजकूर असा, की चव्वेचाळीस वर्षांपूर्वी एका गॅरेजात दुधाच्या व्हॅनचं इंजिन आणि पाण्याच्या टाकीचा पत्रा वापरून एक रेसची गाडी बनवली. शहराबाहेर विमानांची जुनी धावपट्टी होती, तिथल्या शर्यतीत तिने आठ परदेशी गाड्यांना मागे टाकलं. आणि पुढचं वाक्य: 'मालकाचा हात मोडल्यामुळे त्या दिवशी गाडी गॅरेजच्या टायपिस्टने चालवली.' पुरावा म्हणून खाली लिहिलं होतं, 'मी तिथे होतो.'

"मी तिथे होतो!" मापाडी मोठ्याने म्हणाले. "हा पुरावा! वा रे वा!"

आतून बायकोने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. एक भंगार गाडी आहे."

त्यांनी टायपिस्टचं वाक्य खोडलं आणि शेरा मारला, 'टायपिस्टने? उद्या म्हणाल पोस्टमनने.' मग संगणकात इकडेतिकडे शोधलं, काही सापडलं नाही, आणि नोंद काढायचा प्रस्ताव ठोकून दिला. खरं सांगायचं तर इथेच त्यांची चूक झाली. आयुष्यभर ज्या माणसाने वजन उलटं करून बघितल्याशिवाय शेरा मारला नाही, त्याने या वेळी वजन उचललंच नाही. संध्याकाळपर्यंत चार जणांची मतं येऊन पडली. सगळ्यांचं एकच, 'मापाडीसाहेब म्हणतात म्हणजे तपासलंच असेल. काढावी.' त्यात एका दूरच्या शहरात औषधांचं दुकान चालवणारी बाई होती. ती एरवी फार चिकित्सक, पण तिनेही डोळे मिटून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पाना-तेराने लिहिलं.

'साहेब, मी त्या गॅरेजचा फिटर. वय एकोणऐंशी. मालक गेले, गाडी अजून गॅरेजच्या शेडमध्येच आहे, आता शेडही जाणार. जुन्या गाड्यांचं एक संग्रहालय आहे, ते म्हणतात, ज्ञानकोशात असेल तर विचार करू. पुढच्या बुधवारी त्यांची बैठक. नोंद गेली तर गुरुवारी भंगारवाला काटा घेऊन येतोय. चारशे ऐंशी किलो आहे ती. किलोने जाईल हो. तुम्ही वजनामापातले आहात म्हणे, तुम्हाला कळेल.'

मापाड्यांना जरा चुटपुट लागली, नाही असं नाही. पण त्यांनी लिहिलं ते हे: 'भावना म्हणजे पुरावा नव्हे. वर्तमानपत्र, तारीख, पान द्या.'

'तारीख देतो. पान कुठून आठवू?' फिटरने अंकाची तारीख दिली. शर्यतीच्या दिवशी पट्टीवर काय काय घडलं तेही लिहिलं, पण ते मापाड्यांनी वाचलं नाही. पुराव्याआधी गोष्ट ऐकायची नाही, हा त्यांचा शिरस्ता.

शनिवारी सकाळी ते सार्वजनिक वाचनालयात गेले. मनात हेच, की ही तारीख खोटी ठरवायची आणि विषय संपवायचा. तळघरात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे होते. ग्रंथपालबाईंनी एक जाडजूड गठ्ठा टेबलावर आपटला, धूळ उडाली, मापाडी तीन वेळा शिंकले. त्यांनी ती तारीख काढली. पहिलं पान, काही नाही. दुसरं, काही नाही. मापाडी मनातल्या मनात खूश व्हायला लागले. सातव्या पानावर वर डाव्या कोपऱ्यात फोटो होता.

पत्र्याची एक बुटकी गाडी, नाकाडावर बावीस. गाडीला टेकून एक मुलगी उभी. काखेत हेल्मेट, गालाला ग्रीस, आणि तोंडभर हसू. असं हसू मापाड्यांनी त्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. पण तोंड त्यांच्या ओळखीचं होतं. रोज सकाळी समोर चहाचा कप ठेवणारं तोंड! खाली नाव छापलं होतं. तिचं, लग्नाआधीचं.

 मापाड्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. तेच नाव. पुन्हा पुसला. तेच. 'गॅरेजच्या टायपिस्ट कुमारी अमुक यांनी अकरा गाड्यांत पहिला क्रमांक मिळवला. फेरीची वेळ एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. या पट्टीवर एवढ्या वेगाने आजवर कुणीही गेलेलं नाही.'

"अहो, पाणी देऊ का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. "तुमचा चेहरा कसासाच झालाय."

"ही माझी बायको आहे," मापाडी म्हणाले.

"कोण?"

"ही. गाडीजवळची."

ग्रंथपालबाई कौतुकाने काही बोलल्या, पण मापाड्यांच्या कानात शिरलं नाही. उगाच हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी पानं उलटली. चार दिवसांनंतरच्या अंकात पुन्हा बातमी. हरलेल्यांनी तक्रार केली होती. एक टायपिस्ट मुलगी एवढ्या वेगात जाणं शक्यच नाही, वेळ मोजणारं घड्याळच खोटं असणार! म्हणून शर्यत भरवणाऱ्या क्लबने ते घड्याळ वजनमापे खात्यात तपासायला दिलं. घड्याळ अचूक निघालं. दाखल्याचा फोटोच छापला होता. त्यावर गोल शिक्का, आणि शिक्क्याखाली सही.

मापाड्यांनी ती सही बोटाने गिरवून बघितली. ती त्यांचीच होती! चोवीस वर्षांचे होते ते तेव्हा, नोकरी नवीन. आता आठवलं. कुणीतरी दोघं एक स्टॉपवॉच घेऊन आले होते, घाई करत होते. यांनी दिवसभर ते घड्याळ खात्याच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, वीस वेळा. अचूक. सही ठोकली आणि दुसरं काम हातात घेतलं. कोण धावलं, कशात धावलं, विचारलंसुद्धा नाही.

घरी कसे आले ते त्यांचं त्यांना ठाऊक नाही. बायको टेबलावर इस्त्री करत होती. त्यांनी बातमीची झेरॉक्स तिच्यापुढे धरली. 

"ही कोण?"

तिने बघितलं. इस्त्री उभी करून ठेवली. "हेल्मेट फार मोठं होतं," ती म्हणाली. "आत फडकं कोंबलं होतं मी."

"तू रेसची गाडी चालवलीस?"

"चालवली की. मालकांचा हात मोडला होता. गाडी दुरुस्त झाली की आवारात फिरवून बघायचं काम माझंच असायचं. टायपिंग काय, तासाभराचं."

"आणि मला सांगितलं नाहीस! एकेचाळीस वर्षं!"

"सांगायला आले होते. पहिल्याच वर्षी, तुम्ही स्कूटर घेतलीत त्या दिवशी. म्हटलं, मी एक चक्कर मारून येऊ? तुम्ही म्हणालात, आधी सायकल तर शीक. आणि एवढे हसलात, एवढे हसलात, की सासूबाई बाहेर आल्या काय झालं बघायला." तिने बाही सरळ केली. "मग ते राहूनच गेलं."

मापाड्यांना तो दिवस आठवला. हसलेलंही आठवलं. 

"आणि गाडीत ती चटई? तू घाबरायची नाहीस?"

"घाबरायला काय झालं? तुम्ही ब्रेक चुकीच्या जागी लावता."

आता बोला! एकवीस वर्षं पाहुण्यांना दाखवलेलं भोक ते! मापाडी खुर्ची ओढून बसले. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखे म्हणाले, "अगं, पण ती नोंद! त्या गाडीची नोंद मी..."

"ठाऊक आहे. बुधवारी फिटरचा फोन आला होता. म्हणाला, कुणीतरी मापाडी म्हणून खवट माणूस हात धुवून मागे लागलाय. मी म्हटलं, ओळखते."

"आणि गप्प राहिलीस? एका शब्दाने सांगितलं असतंस तर..."

"तर ठेवली असतीत. बायकोची म्हणून." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "साडूंचा तराजू उचलून नेलात, आणि माझी गाडी वशिल्याने पास करणार? नको होती मला तशी. भंगारात गेली असती तरी चाललं असतं. मापून ठेवायची तर ठेवा, नाहीतर नका ठेवू."

 मापाड्यांनी दुसरी झेरॉक्स पुढे केली. "आणि हे? घड्याळ मीच तपासलं होतं. ही सही माझी आहे."

"ती तर मला केव्हाचीच ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्या सहीमुळेच तर हो म्हटलं."

"कशाला हो म्हटलंस?"

"लग्नाला, आणखी कशाला! चार स्थळं आली होती. तुमचं नाव ऐकलं आणि बाबांना म्हटलं, हा मुलगा. शर्यतीनंतर जो तो ओरडत होता, घड्याळ खोटं, पोरगी खोटी. बाबासुद्धा म्हणाले, जाऊ दे, पुन्हा नको ते. आणि एका माणसाने दिवसभर बसून मोजलं आणि लिहून दिलं, वेळ बरोबर आहे. मी कोण, बाई की बाप्या, काही विचारलं नाही. म्हटलं, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही." तिने इस्त्री उचलली. "आणि त्याच माणसाने मला सायकल शिकायला सांगितलं."

सरळच सांगतो, मापाडी रडले. खात्यात छत्तीस वर्षं कुणी त्यांच्या डोळ्यात पाणी पाहिलं नव्हतं. बायकोने शर्टाची दुसरी बाही होईपर्यंत त्यांना रडू दिलं, आणि मग चहा टाकला.

चहा झाल्यावर ते संगणकापुढे बसले. आता खरी पंचाईत. तोंड मिटून बातम्यांची तारीख-पान टाकलं असतं, 'माझं मत बदललं' म्हटलं असतं, तर नोंद वाचली असती, कुणालाच कळलं नसतं. खरं नातं सांगितलं, तर त्यांच्या शब्दाची किंमत त्याच क्षणी शून्य. आणि प्रस्ताव मागे घेऊनही भागत नव्हतं. चार मतं त्यांच्याच भरवशावर पडलेली, ती तशीच राहणार.

बायको मागे येऊन उभी राहिली.

मापाड्यांनी लिहिलं: 'मी न तपासता प्रस्ताव मांडला. टायपिस्टचं वाक्य न तपासता खोडलं, आणि वर टिंगल केली. ती टायपिस्ट माझी पत्नी आहे, हे मला आज कळलं. शर्यतीचं घड्याळ तपासून दाखला देणारा निरीक्षक मीच, हेही आज कळलं. माझा प्रस्ताव मागे. माझं मत मोजू नये. खाली दोन बातम्यांची तारीख आणि पान देतो. माझ्या सांगण्यावर कुणी जाऊ नये. स्वतः बघावं.'

लगेच तिघांची उत्तरं आली. 'मापाडीसाहेब म्हणतात, तर ठेवावी.'

"गाढव आहेत लेकाचे!" मापाडी ओरडले. "काय लिहिलंय मी, वाचतात तरी का!" त्यांनी तिघांना खरमरीत उत्तर दिलं, की स्वतः बघितल्याशिवाय मत बदलाल तर ते मत मीच खोडायला सांगेन. बायकोने कपाळावर हात मारला. बुडत्या गाडीला हा माणूस स्वतःच्या हाताने भोकं पाडत होता. रविवार गेला. वाचनालयं बंद. सोमवारी दिवसभर चर्चेच्या पानावर चिटपाखरू नाही. फिटरने फोन करून विचारलं, "बाई, भंगारवाल्याला काय सांगू?" बायको म्हणाली, "उद्यापर्यंत थांब."

मंगळवारी दुपारी, निकालाला दोन तास उरले असताना, औषधवाली बाई उगवली. 'काल दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आमच्या इथल्या वाचनालयात गेले. मापाडींनी दिलेल्या बातम्या बघितल्याच नाहीत. आमच्या इथल्या दोन वेगळ्या वर्तमानपत्रांत त्या शर्यतीवर लेख सापडले, एक तर अर्धं पान. तारखा खाली देत आहे. गाडीवर स्वतंत्र लेखन भरपूर आहे. गेल्या मंगळवारचं माझं मत आळशीपणाचं होतं, त्याची लाज वाटते. ठेवावी.' आणि खाली आणखी एक ओळ: 'मापाडी, तुमची मात्र खरोखर कमाल आहे.'

साडेचारला कारभाऱ्याचा निकाल आला. नोंद ठेवली. टायपिस्टचं वाक्य औषधवालीने परत घातलं होतं, आता त्याला पुरावा होता. बुधवारी संग्रहालयाची बैठक झाली. फिटर फोनवर नुसताच "बाई, बाई" करत राहिला.

गुरुवारी सकाळी बावीस नंबर न्यायला संग्रहालयाचा ट्रक शेडवर येणार होता. दोघं निघाली. फाटकाशी मापाड्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, हातात फिरवली आणि तिच्यापुढे धरली. मग एकदम दचकून म्हणाले, "अरेच्चा, पण लायसन्स? तुझ्याकडे लायसन्स कुठे आहे?"

तिने पर्स उघडली. मापाड्यांनी ते हातात घेतलं, चष्म्याजवळ नेलं, उलटं करून मागची बाजूसुद्धा बघितली. चालू होतं. मुदत अजून तीन वर्षं.

"हे... हे कधी?"

"मुदत संपली की दर वेळी नवं करून आणायचे. तुम्ही दौऱ्यावर असायचात, नंतर संगणकापुढे."

"चालवायची तर नाहीस! मग कशाला?"

 तिने किल्ली घेतली, सीट पुढे ओढली, आरसा स्वतःकडे वळवला. मापाडी बाजूला बसले. एवढ्या वर्षांत ते त्या सीटवर पहिल्यांदाच बसत होते. गाडी फाटकातून बाहेर पडली, गल्ली संपली, मोठ्या रस्त्याला लागली. पुढे वळण होतं. मापाडी ज्या जागी ब्रेक लावत ती जागा आली, मागे गेली, आणि गाडीचा वेग तसाच. मापाड्यांचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि त्यांनी जीव खाऊन चटई दाबली, बरोबर त्या भोकात.

तिने रस्त्यावरून नजर काढली नाही. "अहो, किती घाबरता! मी चालवतेय ना?"

"सवय नाही," मापाडी म्हणाले.